सोसायटीच्या गच्चीवर बाग: माती चढवण्याआधी

रोपांची यादी सगळ्यात शेवटी. सर्वसाधारण सभेचा ठराव झाला, माळ्याच्या पगाराची सोय ठरली, की आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. इमारतीचे मूळ नकाशे त्यांच्या हाती द्या आणि गच्ची किती भार पेलेल हे लेखी घ्या. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात. बागेच्या साध्या मातीचा सहा इंचांचा थर पावसात भिजला, की तेवढ्याच जागेवर अडीचशे किलोंच्या आसपास जातो. म्हणजे हिशेब ओल्या मातीचाच करायचा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट मिसळून माती हलकी करा, मोठ्या कुंड्या खांब-तुळयांवरच येऊ द्या.

वॉटरप्रूफिंगला मात्र हात आखडता घेऊ नका. एकदा माती पसरली, की गळती शोधायला अख्खी बाग उपसावी लागते. जुना कोबा ठोकून बघा, पोकळ वाजेल तिथे उखडा. उतार पावसाळी पाइपांकडेच हवा. काम झालं की पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी किमान 48 तास साठवा आणि वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन छत बघा: बाथरूमचे कोपरे, पंख्याच्या हुकाभोवतीची जागा, तुळईलगतची रेघ. ओल दिसली तर पुन्हा काम, पुन्हा पाणी. रहिवासी कंटाळतील, तरी चालेल.

वॉटरप्रूफिंगवर मुळं अडवणारी शीट, ड्रेन सेल (पाणी वाहून जायला जागा ठेवणारी प्लॅस्टिकची जाळी), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) आणि मग माती. कठड्यालगत आणि पाइपांच्या तोंडांभोवती फूटभर पट्टीत फक्त गोटे. कठड्याची उंची मातीच्या थरावरून मोजा. थर चढला तेवढा कठडा लहान मुलांसाठी बुटका होतो. टाकी, लिफ्टची खोली आणि सोलरपर्यंतची वाट मोकळी ठेवा.

वॉटरप्रूफिंग होळीच्या आत उरकलं, तर माती मे महिन्यात चढते आणि लावणी मृगाच्या सरींनंतर होते. ऊन-वारा सोसणारी सदाफुली, गवती चहा, कोरफड, ऑफिस टाइम (चिनी गुलाब) लावा. वड, पिंपळ, उंबर अजिबात नको. पक्ष्यांच्या विष्ठेतून ते आपोआप उगवतात, म्हणून माळ्याला दर पंधरवड्याला कठड्याच्या फटी तपासायला सांगा; रोप बोटभर असतानाच मुळासकट निघतं.