गवती चहाचे ठोंब घेताना बुंधा दाबून पाहा

मृगाचा पाऊस पडला की गावोगाव ठोंबांची देवाणघेवाण सुरू होते. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली गवती चहाची मोळी मोटारसायकलला बांधून कुणी ना कुणी नेताना दिसतंच. परसात मोरीच्या पाण्यावर चार बेटं लावायची असतील तर मिळेल ते ठोंब लावा, चहाला चव येईलच. पण अर्धा-एक एकर लावायचा विचार असेल तर जरा थांबा. आपल्याकडे गवती चहा या एकाच नावाखाली दोन वेगळी गवतं फिरतात, आणि एकदा लावलेलं हे पीक पाच-सहा वर्षं त्याच जागी राहतं.

पहिलं गवत सिम्बोपोगॉन सिट्रॅटस. याचा बुंधा जाड, म्हणून हे स्वयंपाकघराचं. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियात सूप आणि वाटणात जी दांडी घालतात ती याचीच. दुसरं सिम्बोपोगॉन फ्लेक्झुओसस. हे मूळ मलबारच्या बाजूचं आणि तेलासाठी नावाजलेलं. याचं तेल कोचीन बंदरातून परदेशी जायचं, म्हणून व्यापारात त्याला कोचीन तेल म्हणत. इंग्रजीत पहिल्याला ‘वेस्ट इंडियन’ आणि दुसऱ्याला ‘ईस्ट इंडियन’ लेमनग्रास म्हणतात. त्यावरून काही ठरवू नका. ‘वेस्ट इंडियन’ गवताचं मूळही आशियातलंच आहे.

माझी फसगत सांगतो. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून फुकट ठोंब मिळाले म्हणून मी २० गुंठे लावले. पीक झकास आलं, पुरुषभर उंच. शहरातला एक भाजी पुरवठादार हॉटेलांसाठी दांडी घेणार होता. तो बांधावर आला, एक दांडी उपटली, वरची दोन पानं सोलली आणि माझ्यासमोर धरली. आत पेन्सिलीएवढी काडी! “हे तेलाचं आहे,” म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला. जवळपास तेलाची भट्टी नव्हती. पुढचं वर्षभर पाल्याच्या जुड्या बांधून आठवडी बाजारात विकल्या.

तेव्हापासून मी ठोंब आधी अंगठ्याने दाबून बघतो. सिट्रॅटसचा बुंधा जमिनीलगत पातीच्या कांद्यासारखा फुगीर, पांढुरका आणि भरीव लागतो. फ्लेक्झुओससचा बुंधा बारीक आणि सरळ असतो, बऱ्याच वाणांत बाहेरून लालसर-जांभळट झाक असते. इथे दोन गफलती होतात. सिट्रॅटसची दांडी आडवी कापली तर आतल्या चकतीत फिकट जांभळी वर्तुळं दिसतात. ती पाहून ‘लाल दांडीचा’ असा शिक्का मारू नका. दुसरीकडे फ्लेक्झुओससमध्ये पांढऱ्या दांडीचाही प्रकार आहे. म्हणून रंगापेक्षा जाडीवर विश्वास ठेवा, तीही वर्षभराच्या बेटाची. कोवळे ठोंब दोन्हीकडे बारीकच असतात.

दुसरी खूण तुऱ्याची. फ्लेक्झुओससला साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लांब, झुकलेले तुरे येतात. सिट्रॅटसला आपल्याकडे तुरा क्वचितच दिसतो. त्यामुळे कुणी ‘गवती चहाचं बी’ विकत असेल तर ते सिट्रॅटसचं नसणार, हे धरून चाला. फ्लेक्झुओससचं बी गादीवाफ्यावर टाकून रोपं होतात, पण त्यातली झाडं एकसारखी निघत नाहीत, तेलाचं प्रमाण मागेपुढे होतं. जुन्या बियाची उगवणही झपाट्याने घटते. तेलासाठी लावायचं असेल तरी खात्रीच्या वाणाचे ठोंबच घ्या.

वास घेऊन मात्र या दोघांत फरक कळत नाही. दोन्हींत लिंबाचा वास देणारं सिट्रल भरपूर, तेलात साधारण ७० ते ८५ टक्के. पान चुरगाळल्यावर डास पळवायच्या मलमासारखा वास आला तर ते सिट्रोनेला आहे, गुलाबाकडे झुकणारा आला तर रोशा गवत. ही दोन्ही याच कुळातली भावंडं. रोशाचं तेल काढायची तर खानदेशात जुनी परंपरा आहे. पण चहात ही घालायची नाहीत.

म्हणजे तेलही दोन्हींचं निघतं. तरी सुगंधवाल्यांचा ओढा फ्लेक्झुओससकडे, कारण सिट्रॅटसच्या तेलात मायर्सीन नावाचा घटक जास्त असतो आणि ते तेल अल्कोहोलमध्ये स्वच्छ विरघळत नाही. फ्लेक्झुओससमध्ये केरळच्या ओडक्काली केंद्राचा ‘सुगंधी’ (ओडी-१९) आणि लखनौच्या सीमॅप संस्थेचे ‘कृष्णा’, ‘कावेरी’ हे वाण माहितीतले आहेत. भट्टी गाडीभाड्याच्या आवाक्यात नसेल तर या वाणांच्या नादी लागू नका. १ टन ताज्या पाल्यातून जेमतेम ४ किलोच्या आसपास तेल निघतं. १ टन गवत ४०-५० किलोमीटर नेण्यात काय उरतं, ते ठोंब विकणारा सांगत नाही.

पाल्याच्या जुडीला मात्र दोन्ही चालतात. मुंबई-पुण्याच्या मंडईत पुदिन्याशेजारी ठेवलेली जुडी कोणत्या जातीची, हे गिऱ्हाईक विचारत नाही. त्याला पान हिरवंगार आणि टोकं न करपलेली हवीत.

आता लागवड. एक-दोन जोरदार पाऊस होऊन वीतभर खोल ओल गेली की जून अखेर ते जुलै हा उत्तम काळ. जमीन कसलीही चालेल, पण निचरा हवाच. विदर्भ-मराठवाड्याच्या भारी काळ्या रानात सरीत लावलं तर बुंधे कुजतात, तिथे वरंब्यावरच लावा. कोकणातही तेच, उताराची वरकस जमीन असेल तर उत्तम. वर्षभराचं निरोगी बेट खणून फोडा, वाळकी आवरणं आणि जुनी काळी मुळं काढा, पाती वरून छाटून ठोंब वीतभर ठेवा. एका जागी एक-दोन ठोंब, ५ ते ८ सेंटिमीटर खोल, भोवतीची माती पायाने दाबून. याहून खोल गेले की पावसात सडतात. तेल किंवा पाल्यासाठी ६० × ४५ सेंटिमीटरवर एकरी सुमारे १५,००० ठोंब लागतात. दांडीसाठी सिट्रॅटस ९० × ६० वर लावा, ७,५०० पुरतात. बेट पसरायला जागा नसली की दांडी जाड होत नाही. पंधरा दिवसांनी नांग्या भरा, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावा, आणि पहिले दोन महिने खुरपणी चुकवू नका. पुढे गवतच गवताला दाबतं.

इथून दोघांची निगा वेगळी होते. तेलाच्या आणि पाल्याच्या पिकाची पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर. पुढे पाणी असेल तर दोन-अडीच महिन्यांनी एकेक. तेलासाठी कापायचं तर कोरडी, उन्हाची उघडीप बघून. पावसात पाल्यात पाणी जास्त आणि तेलाचा उतारा कमी. कापलेला पाला रात्रभर सावलीत सुकवून भट्टीत भरला तर जळण वाचतं, मात्र ढीग करून ठेवला तर वाफ धरून काळा पडतो.

दांडीच्या पिकाला सारखा विळा लावायचा नाही. दर वेळी शेंडा छाटला की बुंधा पोसत नाही. बेटाला दोनदा मातीची भर द्या, पांढरा भाग लांब होतो. सहा-आठ महिन्यांनी बाहेरच्या बाजूच्या जाड दांड्या बुडाशी वाकवून मुळासकट उपटा, मधलं बेट तसंच राहू द्या. उन्हाळ्यात पाण्याचा ताण बसला की दांडी चिवट होते आणि हॉटेलवाला परत पाठवतो.

कामाला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पानाची कड ब्लेडसारखी कापते. गवती चहाजवळ साप येत नाही असं घरोघरी सांगतात. मी त्यावर विसंबत नाही. दाट बेटाच्या बुडाशी गारवा आणि आडोसा दोन्ही असतं. आधी काठी आपटायची, मग हात घालायचा. गुरं-शेळ्या मात्र सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे बांधावर लावायला हे गवत सोयीचं आहे. रोगकिडीचा फारसा त्रास नाही, पण हलक्या जमिनीत पाणी तुटलं की वाळवी बुंध्यात शिरते. दमट हवेत पानावर तांबेऱ्याचे ठिपके दिसले तर फवारणीच्या मागे लागण्याआधी पाला लवकर कापून घ्या. चहाला जाणाऱ्या पानावर औषधाचा अंश कुणालाच नको.

दिवाळीनंतर दांडीच्या रानातून एकदा सावकाश फेरी मारा. एखाद्या बेटावर तुरा डोलताना दिसला तर ते चुकून आलेलं दुसरं गवत समजा, फडक्याने खूण करा आणि पुढच्या पावसाआधी खणून बांधावर हलवा. नाहीतर जून आला की कुणीतरी ठोंब मागायला येईल आणि नेमकं तेच बेट फोडून द्याल.