अर्थसंकल्प येतोय, दाखले काढून ठेवा

घरात बारावीचं मूल असेल, किंवा कुणी आधीच पुण्यात इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग शिकत असेल, तर ही तयारी जानेवारीतच सुरू करा. मी गेली अठरा वर्षं पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. फेब्रुवारीत टीव्हीवर अर्थसंकल्प होतो आणि जून-जुलैत माझ्या टेबलासमोर रांग लागते. रांगेत उभे असलेले आई-बाप गरीब असतात म्हणून अडतात, तसे तारखा चुकल्या म्हणूनही अडतात. पैसे मंजूर असतात, पण फी भरायच्या दिवशी हातात नसतात. मधले ते पाच-सहा महिने कसे काढायचे, याची ही तयारी आहे.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आधी तारखा लिहा. 1 फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प. 2017 पासून तो याच दिवशी येतो, आधी फेब्रुवारीच्या शेवटी यायचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, म्हणजे व्याजदराचा निर्णय. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प, मागेपुढे महापालिकेचं अंदाजपत्रक, आणि 1 एप्रिलला नवं आर्थिक वर्ष. निवडणुकीच्या वर्षी हे सगळं सरकतं. 2024 साली राज्याचा पूर्ण अर्थसंकल्प 28 जूनला आला आणि केंद्राचा 23 जुलैला. तोवर कारभार लेखानुदानावर, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर चालला. असं वर्ष असेल तर घरची मधली तजवीज आणखी दोन महिन्यांनी लांबवा.

आता त्या 28 जूनचंच उदाहरण घ्या, कारण पैसा कुठून कुठे जातो हे त्यात नीट कळतं. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना पूर्ण शुल्कमाफी अशी घोषणा त्या दिवशी विधिमंडळात झाली. दुसऱ्याच दिवशी इंदापूरकडचे एक वडील माझ्यापुढे उभे. हातात प्लॅस्टिकची फाईल, त्यात मुलीची मार्कलिस्ट. “ताई, बजेटमध्ये मुलींची फी माफ झाली ना? मग आता काहीच भरायचं नाही?” मी म्हटलं, “दादा, जीआर येऊ द्या.” जीआर, म्हणजे शासन निर्णय, 8 जुलैला निघाला आणि अटी त्यात होत्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालणार नाही. अभिमत आणि खाजगी विद्यापीठं वगळलेली. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, येणंजाणं हे सगळं घरावरच. योजना फार चांगली आहे, मी स्वतः किती मुलींचे अर्ज आनंदाने पुढे पाठवले आहेत. पण त्या वडिलांनी ‘काहीच भरायचं नाही’ असं धरून ठेवलेले पैसे बैलाच्या जोडीला घातले असते, तर मुलगी ऑगस्टमध्ये मेसच्या बिलापाशी अडली असती.

म्हणून घरच्या वहीत प्रत्येक योजनेपुढे चार रकाने आखा: घोषणा झाली, तरतूद झाली, जीआर निघाला, खात्यात जमा. शेवटचा रकाना भरेपर्यंत ती रक्कम जमेच्या बाजूला लिहू नका. तरतूद म्हणजे खर्च करायची परवानगी. विभागाकडे पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि वर्षअखेरीस सुधारित अंदाजात कमीही होऊ शकतात.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत तर एकाच विद्यार्थ्यामागे दोन अर्थसंकल्प असतात. राज्याचा वाटा 40 टक्के, तो आधी जमा होतो. केंद्राचा 60 टक्के, तो नंतर थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. इथे एक गोष्ट मुलाला समोर बसवून सांगा. खात्यात आलेल्या या रकमेत कॉलेजची फीसुद्धा असते. मोबाईलवर मेसेज आला, पैसे दिसले आणि घरच्या नडीला वापरले गेले, असं घडतं. मुलांचा हेतू वाईट नसतो, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी फी बाकी निघते आणि पोर रडवेलं होऊन खिडकीशी येतं.

कागदांचं काम सगळ्यात मोठं, आणि ते मार्च-एप्रिलमध्येच उरका. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. मार्च संपला की जुन्या दाखल्याची मुदत संपते, म्हणून एप्रिल उजाडताच नव्यासाठी अर्ज टाका. जूनमध्ये सेतू केंद्रांत आणि पोर्टलवर एकदम गर्दी उसळते. नॉन-क्रीमीलेअर, रहिवासी दाखला, जात प्रमाणपत्र काढून ठेवा. जातपडताळणी तर अकरावीतच सुरू करा. पुण्यात ते काम विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात होतं. आधार कार्ड, मार्कलिस्ट आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे मोठ्याने वाचून बघा. ‘विठ्ठल’ एकीकडे आणि ‘विठ्ठलराव’ दुसरीकडे, एवढ्यावरूनही अर्ज त्रुटीत परत येतो.

यात बँक खात्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते. भोरकडची एक मुलगी आमच्याकडे होती. अर्ज मंजूर, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर सगळं हिरवं, पण पैसे येईनात. तीन महिने ती दर सोमवारी विचारायला यायची. तिने दिलेल्या पासबुकाची झेरॉक्स मी तपासली होती, खातं चालू होतं. शेवटी उलगडलं ते असं, की आठवीत असताना गावाकडे तिचं एक खातं उघडलं होतं आणि आधार तिथेच जोडलेलं होतं. डीबीटीचे, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं ते पैसे अर्जावरचा खाते क्रमांक पाहत नाहीत, आधार ज्या बँकेशी जोडलेलं असेल तिकडे जातात. ते जुनं खातं व्यवहाराविना बंद पडलेलं, म्हणून हप्ता परत गेला. ते तीन महिने तिच्या आईने भिशी मोडून मेसचे पैसे भरले. मी तिला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येकाला विचारते. तुम्हीही आज करा: आधारच्या वेबसाइटवर जाऊन आपलं आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते बघा. बदलायचं असेल तर बँकेत जाऊन फॉर्म भरा आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा बघा.

ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यात जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून वर्षाला 60,000 रुपये, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बार्टी (अनुसूचित जातींसाठी) आणि सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) या दोन्ही संस्थांची मुख्यालयं पुण्यातच आहेत. स्पर्धा परीक्षा किंवा संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांनी त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. महापालिका हद्दीतल्या मुलांना दहावीनंतर 15,000 आणि बारावीनंतर 25,000 रुपयांचं अर्थसाहाय्य मिळतं, मौलाना आझाद आणि अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने. गुणांची अट सर्वसाधारणपणे 80 टक्के, काही गटांना सवलत. हे पैसे महापालिकेच्या अंदाजपत्रकातून येतात, म्हणून त्याची बातमी वाचताना उड्डाणपुलांच्या पलीकडे ही ओळही शोधा.

कर्ज घ्यायचं असेल तर कागद-पेन घेऊन बसा. 6 लाखांचं कर्ज, चार वर्षांत दीड-दीड लाखाने उचललं आणि व्याज 10 टक्के धरलं, तर पहिल्या वर्षी 15,000, मग 30,000, मग 45,000, चौथ्या वर्षी 60,000, आणि नोकरी शोधायच्या सवलतीच्या वर्षात आणखी 60,000. हप्ता सुरू व्हायच्या आत सरळव्याजानेच 2 लाख 10 हजार चढले. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर या काळात 3 टक्के व्याजसवलत आहे. वरच्या हिशोबात ती 63,000 रुपये होते. तारण नाही, जामीनदार नाही. फक्त कॉलेज त्या योजनेच्या यादीत असावं लागतं, आणि यादी मुख्यतः एनआयआरएफ या केंद्राच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीवर ठरते. कॅपचे पर्याय भरताना ही यादी शेजारी ठेवा, प्रवेश झाल्यावर बघून उपयोग नाही. साडेचार लाखांच्या आतल्या कुटुंबांना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या काळातलं पूर्ण व्याज माफ होण्याची वेगळी सोय आहे, ती बँकेत विचारा.

पतधोरणाची तारीख कॅलेंडरवर लिहायला सांगितली ती यासाठीच. 2025 या एका वर्षात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला. 8 लाख शिल्लक असलेल्या कर्जावर सव्वा टक्का म्हणजे वर्षाला 10,000 रुपये. तुमचं कर्ज रेपोशी जोडलेलं आहे का, आणि दर शेवटचा कधी बदलला, हे शाखेत जाऊन लेखी घ्या.

कराच्या बाबतीत नोकरदार घरांनी एकच बैठक करावी, पण नीट. 2025 च्या अर्थसंकल्पानंतर नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत, आणि पगारदारांना 75,000 च्या प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. तुम्ही त्या आत असाल तर मुलांची ट्यूशन फी दाखवून कर वाचवायचा विचार सोडा. त्याच्या वर असाल आणि शैक्षणिक कर्जाचं व्याज मोठं असेल, तर दोन्ही पद्धतींचा हिशोब करा. ज्याला आपण सगळे एटी-ई म्हणून ओळखतो ती व्याजाची वजावट जुन्याच पद्धतीत मिळते. तिला रकमेची वरची मर्यादा नाही, मुदत आठ वर्षं. कर्ज ज्याच्या नावावर आहे आणि व्याज जो भरतो त्यालाच ती मिळते. काकांकडून किंवा मालकाकडून उसने घेतलेल्या पैशांवर नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. सीएंशी बोलताना कलमाऐवजी ‘शैक्षणिक कर्जाचं व्याज’ असंच म्हणा. परदेशी जाणाऱ्यांनी एवढं बघावं की वर्षाला 10 लाखांपर्यंत पाठवलेल्या पैशांवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापत नाही, आणि मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर अजिबातच नाही.

महिन्याच्या खर्चात जे वाढतं-घटतं त्यातलं बरंचसं अर्थसंकल्पात नसतंच, ते जीएसटी परिषदेत ठरतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला. अप्पा बळवंत चौकात जूनची खरेदी करताना बिल वाचा. क्लासच्या फीवर मात्र 18 टक्के आहे. 1 लाखाच्या फीमागे 18,000, म्हणून फी विचारताना ‘जीएसटी धरून किती?’ असाच प्रश्न करा. हॉस्टेल किंवा पीजीचं भाडं माणशी महिन्याला 20,000 पर्यंत आणि राहणं सलग 90 दिवसांचं असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. कुणी लावला तर पावती मागा आणि कारण विचारा. मुलाला मेट्रोचं विद्यार्थी कार्ड काढून द्या, 30 टक्के सवलत आहे. घर स्वतःचं असेल आणि तुम्हीच राहत असाल तर मिळकतकराच्या बिलात 40 टक्क्यांची सवलत दिसतेय का ते तपासा. नसेल तर पीटी-3 अर्ज भरायचा राहिलाय.

अर्थसंकल्प आपल्या डब्यापर्यंत येतो हे या शहराला नवं नाही. फर्ग्युसनमध्ये शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले 1902 साली कायदेमंडळात अर्थसंकल्पावर उभे राहिले ते हेच विचारायला, की लोक हलाखीत असताना तिजोरीत शिल्लक कसली दाखवता. मिठावरचा कर कमी करा, असं त्यांनी मागितलं. 1903 साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. पुढे मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयकही त्यांनीच मांडलं. अर्थसंकल्पाचं भाषण ऐकताना मला ते मीठ नेहमी आठवतं. मी विभागवार आकडे बघते आणि मागच्या वर्षीच्या सुधारित अंदाजाशी ताडून पाहते, वाढ खरी आहे का ते.

जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी कार्यालयात दोन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या: सवलतीचा भाग आत्ता भरून घेणार आहात का, आणि उरलेली फी हप्त्यांत चालेल का. त्यासाठी एका सत्राची मेस, भाडं आणि परीक्षा शुल्क एवढी रक्कम आवर्ती ठेवीत किंवा पतसंस्थेत बाजूला टाकलेली असावी; जानेवारीपासून सुरू केली तर सहा हप्ते पडतात. महाडीबीटीचं पोर्टल उघडलं की पहिल्याच आठवड्यात अर्ज भरा. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज स्वतः करावा लागतो, तो आपोआप होत नाही, हे मुलं विसरतात. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा निधी, आल्या आणि त्यांत आपल्या विभागाचं नाव दिसलं, तर त्याच दिवशी लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा. ‘त्रुटी’ असं आलं असेल तर खालची शेऱ्याची ओळ वाचा, तो कागद दुरुस्त करा आणि त्याच आठवड्यात कार्यालयात आणून द्या. आमचं टेबल साडेदहाला उघडतं.