इन्व्हर्टरच्या बॅटरीवरचे शब्द कसे वाचायचे

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांची बॅटरी दोन वर्षांतच बसली. झाकणं उघडून बघितलं तर सहापैकी चार खणांत पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, आणि मधे कधीतरी बोअरचं पाणी ओतलेलं. काका म्हणाले, "पाणीच की ते, त्यात काय एवढं?" खरंच वाईट वाटलं, कारण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून नीट लिहितोय.

आधी खण, म्हणजे सेल. एका सेलचे साधारण २ व्होल्ट, असे ६ सेल एकापुढे एक जोडले की १२ व्होल्टची बॅटरी. आत शिशाच्या प्लेटा आणि पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक अॅसिड. चार्जिंग होताना यातलं फक्त पाणी उडतं, अॅसिड तिथंच राहतं, म्हणून वरून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, अॅसिड कधीच नाही. आणि बोअरच्या पाण्यातले क्षार, लोह प्लेटांवर जाऊन बसतात ते परत निघत नाहीत.

आता स्टिकरवरचा मोठा आकडा, १५० एएच. एएच म्हणजे अँपिअर-अवर, किती अँपिअर करंट गुणिले किती तास. पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरात सी-२० किंवा सी-१० लिहिलेलं असतं ते आधी बघा, दुकानात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. १५० एएच सी-२० म्हणजे ७.५ अँपिअरने हळूहळू २० तास काढली तर १५० मिळणार. सी-१० म्हणजे तेवढेच १५० पण १० तासांत, १५ अँपिअरने, म्हणजे ही बॅटरी जास्त दमाची. दोन पंखे, चार एलईडी आणि वायफाय मिळून २०० वॉट धरा, इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, तर बॅटरीतून साधारण २० अँपिअर जातात. मग १५० भागिले २० करून साडेसात तास मोजू नका, जास्त करंट काढला की बॅटरी कमीच देते, सी-२० वाली असेल तर पाच तासांच्या आसपास धरा.

आणि ते पाच तासही रोज संपवू नका. किती टक्के काढली त्याला डेप्थ ऑफ डिस्चार्ज म्हणतात, रोज ८० टक्के काढाल तर आयुष्य झपाट्याने कमी होतं, निम्म्यावर थांबलात तर बरीच वर्षं टिकते.

चार्ज किती आहे ते मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्राने बघायचं, पण चार्जिंग बंद करून, लोड (पंखे, दिवे) काढून, दोन-तीन तास बॅटरी निवांत ठेवून. १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. चार्जिंग चालू असताना १४ दिसले तर ते चार्जरचे आहेत, बॅटरीचे नाहीत.

यापेक्षा खात्रीचं म्हणजे ग्रॅव्हिटी, आतलं अॅसिड पाण्यापेक्षा किती जड आहे तो आकडा (नुसतं पाणी म्हणजे १०००). हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून सोडला की अॅसिड काचेच्या नळीत चढतं आणि आतला तरंगणारा काटा आकडा दाखवतो. ट्यूब्युलर (नळ्यांसारख्या प्लेटांची) बॅटरी फुल असेल तर १२४० च्या आसपास. सहाही सेल बघा, पाच १२४० आणि एकच ११५० दाखवत असेल तर तो सेल गेलाय असं समजा. नुकतंच पाणी भरलं असेल तर लगेच मोजू नका, ते वरच तरंगतं, आधी पूर्ण चार्ज होऊ द्या.

सल्फेशन हा शब्द मेकॅनिकच्या तोंडून ऐकला असेल. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग चार्ज घेतच नाही. त्यामुळे महिनाभर गावाला जाताना मेन स्विच बंद करणार असाल तर आधी फुल चार्ज करा, मग बॅटरीची वायर काढा.

वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना तीच शेवटी. पाना दोन्ही टर्मिनलला एकदम लागू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढून ठेवा, आणि चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो म्हणून देवघराचा दिवा किंवा उदबत्ती त्या कोपऱ्यात नको. डोळ्यांना सेफ्टी गॉगल हवाच, अॅसिड उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि डोळ्यात गेलं तर धुऊन थेट डॉक्टरकडे.