कालनिर्णयवरच्या खुणा

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वहिनींकडं घरसफाईच्या कामाला आहे. कामं त्या धरतात, घरं आम्ही दोघी घासतो. एका घराचे मला २५० रुपये, मग त्या दोन खोल्या असोत नाहीतर ताराबाई पार्कातला बंगला. दिवाळीत एका बाईंनी माझ्यासमोरच वहिनींना फोनवरून १,४०० पाठवले. तीन बाथरूम, ॲसिडनं बोटांची सालं निघालेली, आणि हातात २५०!

भांडले असते तर काम गेलं असतं. म्हणून महिनाभर कालनिर्णयच्या चौकटीत लिहीत गेले. आत ९.१०, बाहेर २.१०, केएमटी बसचं तिकीट, फिनेलची बाटली माझ्या पैशाची. बेरीज नववीतल्या लेकीनं केली. तासाला ५० रुपयेसुद्धा पडत नव्हते.

ते पानच फाडून नेलं. "वहिनी, आधी एवढं वाचा."

त्यांनी चहा टाकला, मग म्हणाल्या, "गिऱ्हाईक आणायचं, त्यांची बोलणी खायची, ते कोण करतंय?"

तेही खरंच आहे की. पण तिकीट न् फिनेल माझं का? बराच वेळ घासाघीस झाली. आता तासाला ८० रुपये, बसभाडं आणि सामान त्यांचं, हिशोब दर शनिवारी.

घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीचा अर्जही भरला, २००८ च्या कायद्यातला. वय १८ ते ६० लागतं. त्यानं पगार वाढत नाही, पण कामाच्या दाखल्यावर वहिनींची सही घेतली. आठ वर्षांत पहिल्यांदा माझं काम कुठंतरी कागदावर आलं.