खालची अक्कलदाढ काढल्यावरचे आठ दिवस

दाढ निघाली की हाडात खड्डा उरतो आणि थोड्याच वेळात त्यात रक्ताची गुठळी धरते. पुढचं सगळं पथ्य या गुठळीसाठी असतं. ती टिकली तर जखम आपसूक भरत जाते. निसटली तर हाड उघडं पडतं, आणि तो ठणका दाढदुखीलाही मागे टाकतो.

दवाखान्यात दाबायला दिलेला बोळा पाऊण तास घट्ट धरा. मधूनमधून काढून बघू नका. दर वेळी धरू लागलेलं रक्त पुन्हा सुटतं. लाळ गिळा. ‘थुंकू नका’ ही सूचना सगळ्यात आधी मोडली जाते, कारण रक्ताची चव लागली की माणूस बेसिनकडे धावतोच. पण थुंकताना तोंडात जी ओढ तयार होते, तिनेच गुठळी सुटू शकते. म्हणून पहिले 24 तास चूळ नाही, स्ट्रॉ नाही. विडी-सिगारेट, तंबाखू आणि मिश्री निदान आठवडाभर बंद. लाळ दिवसभर गुलाबी दिसेल, त्याने घाबरू नका. तोंड भरून लाल रक्त येत असेल तर स्वच्छ गॉज ओला करून जाड घडी घाला, बरोबर खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास दाबा. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांकडे.

खालच्या जबड्याची भूल साधारण 3-4 तास राहते. तेवढ्या वेळात चावून काही खाऊ नका; ओठ किंवा गाल चावला गेला तरी कळत नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी मात्र भूल उतरायच्या आधी, कपभर गार दूध पिऊन घ्या. दुखायला लागल्यावर घेतली तर तिचा असर होईपर्यंत कळ सोसावी लागते. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका.

पहिल्या दिवशी गालावर बर्फ: रुमालात गुंडाळून 15 मिनिटं ठेवा, 15 मिनिटं काढा. गरम शेक त्या दिवशी नकोच, त्याने रक्त आणि सूज दोन्ही वाढतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्यामुळे ‘काल बरं होतं, आज गाल फुगला’ हे बिघडल्याचं लक्षण नाही. 48 तासांनंतर जबडा आखडला असेल तर कोमट शेकाने मोकळा होतो. झोपताना दोन उशा घ्या.

दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दर खाण्यानंतर. खळखळून गुळण्या नकोत. पाणी तोंडात घ्या, मान हळू कलती करा आणि तोंड उघडून पाणी आपोआप पडू द्या. बाकीचे दात ब्रशने नेहमीसारखे घासा, खड्ड्यापासून लांब.

खायला पहिल्या दिवशी गार ताक, दही किंवा निवलेली पेज. मग गुरगुट्या वरणभात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. चिवडा, तीळ, खसखस, दाण्याचं कूट आठवडाभर नको, कण खड्ड्यात जाऊन बसतात. अडकलाच कण तर काडीने कोरू नका. हळद, तुरटी, ठेचलेली लवंग खड्ड्यात भरायचा सल्ला घरोघरी मिळतो. ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आरशात खड्ड्यावर पांढुरका थर दिसेल. तो बहुधा पू नसतो, भरणाऱ्या जखमेचाच थर असतो, खरवडू नका.

दुखणं रोज थोडं उतरायला हवं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ते अचानक वाढलं, कळ कानापर्यंत गेली आणि तोंडाला घाण वास सुटला, तर गुठळी निसटली असं समजा. गोळ्या वाढवून भागत नाही. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बऱ्याचदा त्याच दिवशी आराम पडतो. ताप, पू किंवा तिसऱ्या दिवसानंतरही वाढती सूज असेल तर लगेच दाखवा. गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा. आणि दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ बधिरच असेल, तर टाके काढायच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.