पुराचे पंचनामे एआयने चाळायचे असतील तर: पावसाआधीची तयारी

मृग निघायच्या आत हे उरकायला हवं. सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी 45 फुटांची धोका पातळी गाठते, तेव्हा बसून विचार करायला कुणालाच सवड नसते.

नुकसानीची यादी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून एआय काढणार असेल, तर पहिल्यांदा सहीचं ठरवा. नाव वगळलं तर त्याखाली सही कुणाची, हे पदनामासह आदेशात लिहा. ‘सिस्टिमनं काढलं’ हे बाधित माणसाला द्यायचं उत्तर नव्हे. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4(1)(घ) प्रमाणे निर्णयाची कारणं त्याला सांगणं कार्यालयावर बंधनकारक आहे. तेव्हा प्रत्येक वगळलेल्या गट नंबरपुढे मराठीत कारण छापून आलंच पाहिजे, ही अट करारातच घाला. नंतर कुणी ऐकत नाही.

मग 2019 च्या पुराचे पंचनामे कपाटातून काढा आणि त्यांच्यावर यंत्राची परीक्षा घ्या. उसाच्या गटांकडे जास्त लक्ष द्या. पावसाळी ढगांतून साधी छायाचित्रं मिळत नाहीत म्हणून रडार वापरतात, पण दाट उसाखालचं पाणी रडारलाही नीट दिसत नाही. पाणी ओसरल्यावर ऊस उभाच दिसतो. बांधावर जाऊन पोंगा (शेंड्याचा कोवळा भाग) ओढला की तो अलगद हातात येतो, गाळानं भरलेला, कुजका वास मारणारा. हे तलाठ्याला कळतं (आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच). म्हणून उसाला ‘नुकसान नाही’ असा शेरा आला, तर माणूस रानात गेल्याशिवाय तो अंतिम धरू नका. सामाईक खाती आणि सातबारा-आधारवर नावात फरक असलेली प्रकरणं सरळ वेगळी काढा.

तपासणाऱ्याला वेळ द्या, आणि शेरा बदलायचा अधिकारही. शेरा बदलला की खुलासा आणि तसाच ठेवला की काही नाही, अशी पद्धत असेल तर कुणीही बदलणार नाही. दोन्हीला सारखीच एक ओळ लिहायला लावा. ऑस्ट्रेलियात 2016 पासून वर्षाची कमाई पंधरवड्यांत सारखी वाटून संगणकानं लाखो लोकांवर खोटी सरकारी देणी काढली. मधली माणसाची तपासणीच काढून टाकली होती. 2023 मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, तोवर घरं उद्ध्वस्त झाली होती.

यादी चावडीवर मोठ्या अक्षरांत लावा, हरकत कुणाकडे आणि किती दिवसांत द्यायची तेही त्याच कागदावर. पुरात वीज जाते, रेंज जाते. पंचनाम्याचे कोरे छापील फॉर्म आणि कार्बन पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून प्रत्येक सजात (तलाठ्याच्या हद्दीत) आताच पोचवा.