'मास्टरक्लास' हा शब्द वापरताना या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडवरचे फलक वाचत निघालात, तर दहावीच्या गणिताचा, केक सजावटीचा आणि शेअर बाजाराचा 'मास्टरक्लास' एकापाठोपाठ एक भेटतो. यांतल्या बहुतेक ठिकाणी 'वर्ग' किंवा 'कार्यशाळा' हाच शब्द योग्य ठरला असता.

हा शब्द रुजला तो पाश्चात्त्य संगीतात. पियानोवादक फ्रान्झ लिस्ट एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या वायमार येथे मुळातच तयारीच्या शिष्यांना एकत्र बसवून शिकवत असे. एकाने वाजवायचे, लिस्टने दोष दाखवायचा आणि इतरांनी ऐकता ऐकता शिकायचे, अशी ती रीत होती. मारिया कॅलस या गायिकेने १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड स्कूलमध्ये घेतलेले मास्टरक्लासही याच वळणाचे होते.

म्हणूनच सर्वांत मोठी चूक म्हणजे नवशिक्यांच्या वर्गाला हे नाव देणे, आणि ती मीही केली आहे. एका तबलावादनाच्या कार्यक्रमाच्या निवेदनात मी 'नवशिक्यांसाठी मास्टरक्लास' असे लिहिले. जमलेल्या मुलांपैकी अनेकांना 'ना' आणि 'तिं' या तबल्याच्या बोलांतला फरकही नीट ठाऊक नव्हता, त्यामुळे पाहुण्या वादकांनी एखादा कायदा (तबल्याच्या बोलांची ठरावीक रचना) वाजवायला सांगताच सगळे एकमेकांकडे पाहू लागले. अखेर एक मुलगी पुढे आली. द्रुत लयीत तिचा 'तिरकिट' पुसट होत होता. वादकांनी लय निम्म्यावर आणली, तर्जनी फार वर उचलली जाते हे तिला दाखवले आणि तोच बोल पुन्हा पुन्हा वाजवून घेतला. त्या संध्याकाळी मास्टरक्लास झाला तो तेवढ्या पंधरा मिनिटांत. बाकी सारा प्राथमिक वर्गच होता. तुमचे पत्रक आधीच छापून झाले असेल, तर निदान 'प्रवेशासाठी पूर्वतयारी आवश्यक' एवढी ओळ त्यावर चिकटवावी.

दुसरी चूक 'क्लास' म्हणजे दर्जा असे समजण्यातून होते. 'मास्टरक्लास मिसळ' म्हणणाऱ्याला बहुधा 'वर्ल्ड क्लास' म्हणायचे असते. मिसळ फार तर मास्टरपीस होऊ शकेल (काही ठिकाणची आहेही), पण मास्टरक्लास ती कशी करावी हे दाखवण्याचाच असू शकतो. क्रिकेटच्या समालोचनातला लाक्षणिक वापर याच अर्थाला धरून आहे, मात्र तिथेही कौशल्याचे नाव हवे: 'फिरकी खेळण्याचा मास्टरक्लास' हे अर्थपूर्ण आहे, नुसती 'मास्टरक्लास खेळी' पोकळ वाटते.

आपल्या वाइन उद्योगात तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखालील आस्वादसत्रालाही मास्टरक्लास म्हणतात. तिथे कोणी कोणाच्या चुका काढत नाही, तरी हा वापर आता त्या व्यवसायात रूढ झाला आहे आणि तो चूक मानण्याचे कारण नाही.

लिहिताना शब्द जोडून लिहावा आणि पुल्लिंगीच ठेवावा. 'मास्टरक्लास घेतली' हे हिंदीचे वळण आहे. शिवाय आपल्याकडे 'साहेबांनी त्याचा क्लास घेतला' म्हणजे झाडाझडती घेतली असाही अर्थ होतो, तेव्हा निमंत्रणपत्रिकेत 'घेतील'ऐवजी 'मार्गदर्शन करतील' असे लिहिलेले बरे.